मोएईपलीकडचं मानेरप्लॉ

वाशिष्ठीकाठचा
१० मार्च २०१९, रात्री १०:१२

राम राम मंडळी. महिन्यापूर्वी थायलंड-म्यानमार सरहद्दीवरची मोएई नदी बघून आलोय, ती काही डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

मी नोकरीनिमित्त थायलंडात, चियांग माईला असतो. जोडून सुट्टी मिळाली तसा मे सारिआंगला गेलो आणि तिथून पिकअपच्या हौद्यात, कांद्याच्या पोत्यांवर बसून मे साम लेपला. पन्नासेक किलोमीटरच रस्ता, पण पाठीचा मणका न् मणका मोजून घेतला त्याने. मे साम लेप म्हणजे साल्वीन नदीच्या उतारावर कशीबशी टेकलेली लाकडी घरं, चार दुकानं आणि खाली होड्या. हे थायलंड. हाकेच्या अंतरावर पलीकडचा काठ, तो म्यानमार.

होडी ठरवली ती संगमापर्यंतच. लांबुळकी होडी, मागे कुठल्याशा गाडीचं काढून बसवलेलं इंजिन, त्याला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. नाववाला करेन, म्हणजे म्यानमारच्या सरहद्दीकडच्या डोंगरांतल्या जमातीचा. वय पस्तिशीचं, गालात पान. दोघांचंही थाई मोडकं, त्यामुळे एकमेकांचं बोलणं छान कळत होतं.

संगमाला थाई लोक 'सोप मोएई' म्हणतात, म्हणजे मोएई जिथे मिळते ती जागा. पलीकडच्या काठाचं करेन नाव 'थू म्वे टा'. अर्थ तोच. हे दुसरं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. साल्वीन दक्षिणेकडे निघालेली आणि मोएई उत्तरेकडे वाहत तिला सामोरी येते. फेब्रुवारीत दोघींचं पाणी ओसरलेलं, वाळूचे पट्टे उघडे पडलेले. नाववाल्याने विचारलं, थोडं वर जायचं का? पैसे जास्त नाही मागितले, हे विशेष.

मोएईत शिरून बरंच वर गेल्यावर एका वळणावर त्याने इंजिन बंद केलं. इतका वेळ त्या आवाजात कान बधिर झालेले, त्यामुळे शांतता एकदम अंगावर आली. उजव्या हाताला म्यानमारचा काठ. नदी आणि डोंगर यांच्यामध्ये सपाट जागा, कमरेएवढं गवत, बांबूची बेटं. आणि आंब्याची झाडं, एका रांगेत. मी कोकणातला माणूस, आंबा आपण होऊन रांगेत उगवत नाही एवढं मला कळतं. वर डोंगरावर सैन्याची चौकी असल्याचं त्याने हनुवटीनेच दाखवलं आणि माझा कॅमेरा खाली ठेवायला सांगितला. मग म्हणाला, "इथं माझी शाळा होती."

ते मानेरप्लॉ. करेन भाषेत विजयाचं मैदान. १९७५ ते १९९५ अशी वीस वर्षं करेन नॅशनल युनियनचं, म्हणजे केएनयूचं मुख्यालय. बंडखोरांचा तळ म्हटलं की आपल्याला तंबू आणि गुहा आठवतात. इथे कचेऱ्या होत्या, कवायतीचं मैदान होतं, दवाखाना, शाळा, तुरुंग होता. सगळं लाकूड, बांबू आणि पानांच्या छपरांचं. केएनयू शिक्षण खातं चालवत होती, जंगल खातं चालवत होती, जकात घेत होती. जगातल्या एकाही देशाने मान्यता न दिलेलं हे सरकार होतं, त्याची ही राजधानी.

थोडं मागे जातो. केएनयूची स्थापना ५ फेब्रुवारी १९४७ ची. ब्रह्मदेश स्वतंत्र झाला जानेवारी १९४८ ला आणि ३१ जानेवारी १९४९ पासून करेनांचं बंड सुरू झालं. पहिला नेता सॉ बा ऊ जी केंब्रिजला शिकलेला बॅरिस्टर. ऑगस्ट १९५० मध्ये तो मारला गेला, पण त्याची चार तत्त्वं आजही करेन पोरांना पाठ असतात: शरणागतीचा प्रश्नच नाही, करेन राज्याला मान्यता मिळालीच पाहिजे, शस्त्रं आमच्याजवळच राहतील, आणि आमचं राजकीय भवितव्य आम्ही ठरवू. पुढे रेटा वाढत गेला तशी केएनयू इरावतीच्या खोऱ्यातून, पेगूच्या डोंगरांतून मागे सरकत सरकत थेट थायलंडच्या सरहद्दीला येऊन टेकली. पाठीशी नदी, नदीपलीकडे परका देश. अशा ठिकाणी मानेरप्लॉ उभं राहिलं.

मग १९८८. रंगूनला उठाव झाला, सैन्याने तो चिरडला आणि कॉलेजातली हजारो पोरं जंगलं तुडवत सरहद्दीकडे आली. त्यातली कित्येक हिवतापाने फणफणली. १९९० मध्ये निवडणूक झाली, आंग सान सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, सैन्याने सत्ता दिली नाही. निवडून आलेले काही खासदार निसटून मानेरप्लॉला पोचले आणि १८ डिसेंबर १९९० रोजी त्यांनी तिथे सरकार स्थापन केलं. पंतप्रधान सेन विन, सू ची यांचे चुलतभाऊ. म्हणजे गंमत बघा, ज्यांनी ब्रह्मदेशातून बाहेर पडायचं म्हणून बंदूक उचलली, त्यांच्याच पडवीत ब्रह्मदेशाचं लोकनियुक्त सरकार येऊन बसलं!

१९९२ मध्ये सैन्याने जंग जंग पछाडलं. मानेरप्लॉच्या वाटेवरचा मोक्याचा डोंगर घेतला (परदेशी पत्रकार त्याला 'झोपलेला कुत्रा' म्हणत, आकार तसा आहे म्हणून), तरी मुख्यालय हाती लागलं नाही. एप्रिलमध्ये मोहीम थांबवली. आणि मग २७ जानेवारी १९९५ ला तेच मानेरप्लॉ पडलं, तेही फारशी लढाई न होता. बंडाचा शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

पडलं कारण शत्रूला वाट दाखवणारे कालपर्यंत आतलेच होते. त्याआधी महिन्याभरात करेनांच्या फौजेतले बौद्ध सैनिक फुटून निघाले होते आणि फुटायला कारण, वरवर पाहता, संगमावरचा एक पॅगोडा. हो, तेच थू म्वे टा.

निघताना केएनयूने आपल्याच हाताने मुख्यालय पेटवलं. नाववाला तेव्हा अकरा वर्षांचा. आईने त्याच्या डोक्यावर भाताचं टोपलं दिलं होतं, ते नदीत भिजलं म्हणून पलीकडे गेल्यावर मार बसला. आगीबद्दल मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने भाताचंच सांगितलं.

---

चहाबिस्किट
१० मार्च २०१९, रात्री १०:५०

शीर्षकाने काहीच कळलं नाही म्हणून उघडला. 'करेन' वाचून आधी वाटलं मॅनेजरला बोलवा म्हणणाऱ्या अमेरिकन काकूंनी बंड केलं की काय. पण चहा खरंच गार झाला. पुढच्या लेखनाला शुभेच्छा.

---

मोडीवाचक
११ मार्च २०१९, सकाळी ८:३१

उत्तम लेख. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

करेन आणि बर्मी यांच्यातील वैर १९४९ चे नव्हे. आपल्याकडे रत्नागिरीला थिबा राजाला आणून ठेवले, हे सर्वांना ठाऊक असते. त्याचे राज्य १८८५ मध्ये खालसा झाल्यावर ब्रह्मदेशात इंग्रजांविरुद्ध जे उठाव झाले, ते मोडण्यात मिशनऱ्यांनी उभ्या केलेल्या करेन तुकड्यांचा हात होता. म्हणजे इकडे राजा रत्नागिरीत दिवस मोजत होता आणि तिकडे करेन इंग्रजांच्या बाजूने लढत होते. करेनांच्या बाजूने पाहिले तर बर्मी राजवटीत त्यांना वेठ आणि लूट याखेरीज फारसे काही मिळाले नव्हते. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी त्यांना १८३० च्या दशकात लिपी दिली, शाळा दिल्या. पहिला करेन ख्रिस्ती, को था ब्यू, १८२८ चा.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. सू ची यांचे वडील आंग सान यांची फौज प्रथम जपान्यांबरोबर, करेन इंग्रजांबरोबर. १९४२ मध्ये म्याउंगम्या भागात करेनांच्या कत्तली झाल्या. मेजर सीग्रिम नावाचा इंग्रज अधिकारी करेन डोंगरांत राहून जपान्यांशी लढत होता. गावकऱ्यांचा छळ थांबावा म्हणून १९४४ मध्ये तो स्वतः होऊन जपान्यांच्या स्वाधीन झाला व मारला गेला. एवढे करून इंग्रज गेले ते करेनांच्या हातावर काहीही न ठेवता.

आणि १९४९. लोकमान्यांमुळे आपल्याला मंडाले ठाऊक. त्या वर्षी मार्चमध्ये बंडखोरांनी मंडाले काही काळ घेतले होते, करेन आणि त्यांच्या बाजूला आलेले कचिन यांनी मिळून. रंगूनच्या वेशीवरील इन्सीन तर त्यांनी ११२ दिवस लढवले. पंतप्रधान ऊ नू यांचे सरकार त्या वेळी वाचले, त्यात नेहरूंनी पाठवलेल्या शस्त्रांचा वाटा होता. आपण या गोष्टीत अगदीच बाहेरचे नाही.

एक दुरुस्ती नव्हे, पण खुलासा: लेखातून करेन म्हणजे ख्रिस्ती असा समज होऊ शकतो. बहुसंख्य करेन बौद्ध आहेत. नेतृत्व ख्रिस्ती होते. फरक मोठा आहे.

---

सह्याद्रीपुत्र
११ मार्च २०१९, दुपारी १:०५

थोडक्यात काय, प्रत्येक गडावर एक सूर्याजी पिसाळ असतोच. रायगड काय आणि मानेरप्लॉ काय. घरभेद्यांना क्षमा नाही.

---

वाशिष्ठीकाठचा
११ मार्च २०१९, रात्री ९:४०

@मोडीवाचक, खुलासा शंभर टक्के मान्य. सीग्रिमचं माहीत नव्हतं.

@सह्याद्रीपुत्र, पिसाळ इथे बसत नाही हो. वतनाच्या आशेने दरवाजा उघडला, अशी ही गोष्ट नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त हेच लागलंय.

फौजेतला साधा शिपाई बहुतेक बौद्ध, डोंगरातल्या खेड्यातला. वरचे अधिकारी बहुतेक ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत शिकलेले. सर्वोच्च नेता जनरल बो म्या, सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा. शिपायांची तक्रार जुनीच होती: पुढच्या फळीत मरायला आम्ही, बढत्या त्यांना, परदेशी पाहुण्यांबरोबर जेवायला ते, त्यांची मुलं चांगल्या शाळेत. यातलं किती खरं, किती वाढवलेलं, ते सोडा. पण अशी भावना वर्षानुवर्षं साठत गेली की ती खरीच होऊन बसते.

त्यात ऊ तुझाना नावाचे भिक्खू आले. त्यांना मोठा लोकसंग्रह. जागोजागी पांढरे पॅगोडे बांधायचे हे त्यांचं व्रत, मांसाहार सोडायचा हा नेम. संगमावर थू म्वे टाला त्यांचा मठ. तिथल्या टेकडीवर पॅगोडा बांधायला घेतला तेव्हा केएनयूने अडवलं. म्हणणं असं की डोंगरमाथ्यावरचा पांढरा शुभ्र कळस म्हणजे शत्रूच्या तोफांना आणि विमानांना आयती खूण. लष्करी डोक्याने बघाल तर मुद्दा बिनतोड. पण ज्या माणसाचा भाऊ आघाडीवर मेलाय आणि ज्याला त्याच्या नावाने चार विटा रचायच्यात, त्याला तो कसा ऐकू येईल? त्याला ऐकू आलं ते एवढंच, की ख्रिस्ती साहेब आमचा देव बांधू देत नाहीत.

डिसेंबर १९९४ मध्ये ठिणगी पडली. शिपाई आघाडी सोडून मठाकडे गेले. समजूत काढायला माणसं गेली, जमलं नाही. महिना संपायच्या आत डीकेबीए, म्हणजे डेमोक्रॅटिक करेन बुद्धिस्ट आर्मी, स्थापन झाली. रंगूनचं सैन्य टपलेलंच होतं, त्यांनी लगेच रसद दिली, दारूगोळा दिला. आडवाटा कुठल्या, सुरुंग कुठे पेरलेत, हे सगळं फुटलेल्यांना पाठ. त्यांनीच तर पेरले होते.

मला नाववाल्याला विचारायचं होतं, तुझ्या घरचे कुठल्या बाजूचे? नाही विचारलं. गळ्यात ना क्रूस होता ना ताईत.

---

औंधकर
१२ मार्च २०१९, सकाळी ७:१५

अवांतर: सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट म्हणजे आमच्या स्पायसर कॉलेजवाले ना? त्यांच्या ब्राउन ब्रेडवर आणि पीनट बटरवर आमचं बालपण गेलं. शनिवार पाळणारी, दारू-सिगरेटला हात न लावणारी अत्यंत गरीब माणसं. त्यातला एक जण जंगलात फौज चालवत होता हे पचायला जड जातंय.

---

हिशेबनीस
१२ मार्च २०१९, रात्री ११:२०

पॅगोडा, भिक्खू, भावना, सगळं मान्य. पण पैशाकडे कोणीच बघितलं नाही, म्हणून मी येतो.

१९६२ ला रंगूनमध्ये जनरल ने विनने सत्ता घेतली आणि समाजवादाच्या नावाखाली देशातलं दुकान बंद केलं. साबण, कापड, औषधं, सायकलचे सुटे भाग, काही मिळेना. मग माल थायलंडातून चोरवाटांनी यायला लागला आणि इकडून गुरं, साग, जेड तिकडे. या वाटा जात होत्या करेनांच्या मुलखातून. केएनयूने नाकी बसवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला सुरुवात केली. मानेरप्लॉच्या कचेऱ्या, शाळा, बंदुका यांचा खर्च या नाक्यांनी भागवला. रंगूनची अर्थव्यवस्था जितकी बिघडेल तितकी बंडखोरांची तिजोरी भरणार, असा अजब धंदा.

१९८४ पासून सैन्याने एकेक नाकं उडवायला घेतलं. त्याच वर्षी दहा हजारांच्या आसपास करेन नदी ओलांडून थायलंडात आले आणि ते परत गेलेच नाहीत, तिथून सरहद्दीवरच्या निर्वासित छावण्या सुरू झाल्या. मग १९८८ नंतर रंगूनने सरहद्दीवरचा व्यापार कायदेशीर करायला घेतला. नाकं गेलं, जकात गेली.

दुसरी बाजू थायलंडची. शीतयुद्धात थाई सैन्याला करेन हवे होते. आपल्या आणि बर्मी सैन्याच्या मध्ये एक उशी. १९८८ मध्ये पंतप्रधान चातिचाई आले आणि घोषणा केली की रणांगणांच्या बाजारपेठा करू. ते मुख्यतः इंडोचायनाबद्दल बोलत होते, पण वारं सगळीकडे तेच. त्याच डिसेंबरात थाई सेनाप्रमुख चवलित रंगूनला जाऊन आले आणि पाठोपाठ थाई कंपन्यांना तिकडचा साग तोडायचे ठेके मिळाले. १९८९ च्या सुरुवातीला थायलंडने स्वतःच्या देशात तोडबंदी केली, म्हणजे करवती नदीपलीकडेच जाणार. पलीकडे करेनांचं जंगल होतं, त्यामुळे पैसे दोघांना द्यावे लागले, रंगूनलाही आणि केएनयूलाही. लाकूड गेलं आणि लाकडाबरोबर आडोसाही. ओंडके वाहायला केलेल्या रस्त्यांवरून पुढे सैन्याच्या गाड्या आल्या.

आणि तारखा बघा. मानेरप्लॉ पडलं २७ जानेवारी १९९५ ला. म्यानमारच्या समुद्रातल्या यादाना क्षेत्राचा वायू विकत घ्यायचा थायलंडचा करार फेब्रुवारी १९९५ चा. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण बँकॉकला तेव्हा शेजारचा बंडखोर हवा होता की शेजारचा गॅस, हे कळायला सीए असायची गरज नाही.

पॅगोडा हे निमित्त. घर वाळवीने आधीच पोखरलेलं होतं.

---

वाशिष्ठीकाठचा
१३ मार्च २०१९, सकाळी ६:५५

वाळवीचं मान्य. पण १९९२ ला याच पोखरलेल्या घराने सैन्याला थोपवलं होतं. तेव्हाही नाकी गेलेली होती, साग गेलेला होता. फरक एकच, तेव्हा वाटा दाखवणारं कोणी नव्हतं. त्यामुळे मी निमित्त हा शब्द नाही वापरणार.

---

सह्याद्रीपुत्र
१३ मार्च २०१९, सकाळी ९:३०

पिसाळ मागे घेतो. पण सुरुंग कुठे आहेत ते शत्रूला सांगणं हे मला तरी गिळत नाही, कारण काहीही असो.

---

निळाई
१४ मार्च २०१९, दुपारी ४:१८

मी करेन बघितलेत! आपल्याच देशात. अंदमानला सगळे जातात तसं सेल्युलर जेल, हॅवलॉक करून आम्ही उत्तरेला मायाबंदरपर्यंत गेलो होतो (बसमध्ये हाडं खिळखिळी, पण जाच). तिथे वेबी नावाचं गाव आहे, करेनांचं. इंग्रजांनी १९२५ मध्ये त्यांना जंगलकामासाठी ब्रह्मदेशातून आणलं आणि ते तिथेच राहिले. लाकडी घरं खांबांवर उचललेली, खाली डुकरं आणि होडीचं सामान. चर्चमध्ये रविवारी करेन भाषेत गाणी. ज्या आजींकडे जेवलो त्या माझ्याशी फर्डं हिंदी बोलत होत्या आणि नातवाला करेनमधून रागावत होत्या. कर्माटांगच्या किनाऱ्यावर रात्री कासवं अंडी घालायला येतात, त्यांचा नातू तिथे वाट दाखवायला आला होता.

मी त्यांना विचारलं होतं की तिकडचे नातेवाईक? त्या म्हणाल्या, "तिकडे लढाई आहे ना." जणू तिकडे पाऊस आहे ना, तसं.

---

डॉक्टरीणबाई
१४ मार्च २०१९, रात्री १०:०२

सरहद्दीचा विषय निघाला आहे तर डॉ. सिंथिया माऊंग यांचं नाव यायलाच हवं. स्वतः करेन. १९८८ च्या धरपकडीत पळून जंगलातून थायलंडात आल्या आणि १९८९ मध्ये मे सोत गावाजवळ एका पडक्या घरात दवाखाना सुरू केला. सुरुवातीला उपकरणं निर्जंतुक करायला काही नव्हतं, तर भात शिजवायच्या कुकरमध्ये उकळायच्या. मे ताओ क्लिनिक म्हणून आज तिथे मोठा पसारा आहे, हिवताप, बाळंतपणं, सुरुंगाने पाय गेलेल्यांना कृत्रिम पाय, सगळं. २००२ चा मॅगसेसे त्यांना मिळाला. हेमलकशाचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना झाडाखाली दवाखाना म्हणजे काय ते सांगायला नको.

वरच्या लेखात विद्यार्थ्यांच्या हिवतापाचं एका ओळीत आटपलंय. त्या पट्ट्यातला हिवताप साधा नाही. औषधांना दाद न देणारे परजीवी जगात पहिल्यांदा ज्या भागांत सापडले त्यात ही सरहद्द येते. शहरात वाढलेल्या मुलाला तिथे पहिल्याच पावसाळ्यात तो गाठणार, दुसऱ्याची वाट बघणार नाही.

---

चहाबिस्किट
१५ मार्च २०१९, सकाळी ८:४४

फोटो का नाहीत?

---

वाशिष्ठीकाठचा
१५ मार्च २०१९, सकाळी ८:५१

कॅमेरा खाली ठेवायला सांगितला होता. लिहिलंय वर. चहा ढवळत वाचलंत का?

---

मोडीवाचक
४ फेब्रुवारी २०२१, सायंकाळी ६:२०

धागा वर काढतो. १ तारखेला म्यानमारमध्ये सैन्याने पुन्हा सत्ता घेतली. सू ची अटकेत. रंगूनची मुले पुन्हा सरहद्दीकडे निघाली तर ती कोणाच्या दारात जातील, हे या धाग्यावर वेगळे सांगायला नको.

---

डॉक्टरीणबाई
९ मे २०२१, रात्री ९:१२

निघाली. आणि करेनांनी दार उघडलंही.

---

मोडीवाचक
१९ डिसेंबर २०२४, सकाळी ७:४८

पुन्हा वर काढतो. करेनांच्या फौजेने या आठवड्यात मानेरप्लॉ येथील सैन्याचा तळ घेतला. तीस वर्षे पुरी व्हायला महिना-सव्वा महिना कमी. जनरल बो म्या २००६ मध्ये गेले, ऊ तुझाना २०१८ मध्ये. भांडणाऱ्यांपैकी कोणी पाहायला उरले नाही. @वाशिष्ठीकाठचा, कुठे आहात?

---

सह्याद्रीपुत्र
१९ डिसेंबर २०२४, सकाळी १०:०५

अंगावर काटा आला.

---

हिशेबनीस
१५ मार्च २०२५, रात्री ११:३०

काटा येऊ द्या, पण हिशेब पुरा करू. डीकेबीएचं पुढे काय झालं? २०१० मध्ये त्यातल्या बहुतेकांनी सरकारी सीमारक्षक दलाचा गणवेश चढवला. मोबदल्यात सैन्याने त्यांच्या मुलखात डोळे मिटून घेतले. म्यावाडीजवळ मोएईच्या काठाला आज जी शहरं उभी आहेत, श्वे कोक्को वगैरे, ती त्यांच्याच छत्राखालची. आधी जुगार, मग ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने. नोकरीच्या आमिषाने नेलेली पोरं तिथे कोंडून जगभरच्या लोकांना गंडा घालायला बसवतात. आमच्या ओळखीतल्या एका घरचा मुलगा असाच गेला. एजंटने सांगितलं होतं बँकॉक, डेटा एंट्री. रात्री नदी ओलांडली तेव्हा त्याला कळलं की आपण थायलंडात नाही. या १० तारखेला वायुदलाच्या विमानाने मे सोतहून २८३ भारतीय परत आणले, त्यात तो होता. घरी आल्यापासून फोन हातात घेत नाही.

तीच नदी. वरच्या अंगाला म्यावाडी, खालच्या अंगाला मानेरप्लॉ.

---

वाशिष्ठीकाठचा
१६ मार्च २०२५, दुपारी १२:४०

आहे, आहे. आता चिपळूणला परत आलोय, इथे रोज डोकावत नाही.

@हिशेबनीस, मुलगा सुखरूप आला हे वाचून बरं वाटलं. त्याला वेळ द्या म्हणावं.

मोडीवाचकांचा डिसेंबरचा प्रतिसाद वाचला तेव्हा मे सारिआंगला जिथे उतरलो होतो त्या घरमालकिणीला मेसेज केला. नाववाला तिच्या ओळखीचा. तिने त्याचा निरोप पाठवला तो गेल्या आठवड्यात. मी विचारलं होतं, जाऊन आलास का, शाळेची जागा सापडली का?

म्हणाला, तिथे सुरुंग आहेत, दोन्हीकडच्यांनी पेरलेले, काढेपर्यंत कोणी पाय ठेवत नाही. त्याचा मेव्हणा गावाच्या कडेपर्यंत जाऊन आला. आंबे आहेत अजून, यंदा मोहोर चांगला आहे.

आणि होडीचं इंजिन दुरुस्तीला टाकलंय, म्हणाला. पुढच्या महिन्यात विचार.